‘तुम्हाला नाही जमायचं’ याची नोंद कोण ठेवणार?

“आईंना काय त्रास होतोय?” डॉक्टरांनी विचारलं. विचारलं मला. आई समोरच्याच खुर्चीत बसली होती. स्वतःच्या पायांनी चालत आली होती आणि नेमकं कुठे दुखतंय हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं. तरी प्रश्न तिला ओलांडून माझ्याकडे आला आणि मीही शहाण्यासारखं उत्तर दिलं. दहा मिनिटांत तपासणी आटोपली. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “मला ऐकू येतं रे.”

यात गुन्हा कोणता? कुठलाच नाही. डॉक्टर सौजन्याने वागले, औषधही बरोबर दिलं. तक्रार करायची तर कोणाकडे आणि कशाची? आणि इथेच संशोधकांचं घोडं अडतं. वयावरून माणसाला बाजूला सारण्याचे रोजचे प्रकार इतके बारीक असतात की ते ना कोर्टाच्या निकालपत्रात येतात, ना कुठल्या दवाखान्याच्या फायलीत. घडतात आणि विरून जातात. म्हणून काही अभ्यासक आता वेगळी वाट धरताहेत. ज्यांच्या बाबतीत हे घडतं त्यांनाच नोंदी ठेवायला सांगायचं, आणि काय नोंदवायचं हे ठरवतानाही त्यांना सोबत घ्यायचं. याला लोकसहभागी संशोधन म्हणतात. कल्पना ऐकायला सोपी आहे. करायला बसलं की तिच्यातली भोकं दिसायला लागतात.

## आधी शब्द

वयावरून माणसाला जोखणं आणि त्यानुसार त्याला वागवणं, याला आपण ‘वयभेद’ म्हणू. इंग्रजीतला ‘एजिझम’ हा शब्द १९६९ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वापरात आणला. निमित्त होतं वॉशिंग्टनच्या एका सुखवस्तू वस्तीतल्या वादाचं. तिथे वृद्धांसाठी सरकारी घरं होणार होती आणि आजूबाजूच्या रहिवाशांना ती नको होती. विरोधाला वर्ण आणि वर्ग यांचा वास होताच, पण बटलर यांना त्याखाली आणखी एक थर दिसला: म्हातारपण नजरेआड राहिलेलं बरं, ही भावना. त्या थराला नाव नव्हतं, ते त्यांनी दिलं.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये वयभेदावर एक मोठा अहवाल काढला. त्यात या गोष्टीचे तीन पदर सांगितले आहेत: आपण काय समजतो, आपल्याला काय वाटतं आणि आपण कसे वागतो. ‘म्हाताऱ्यांना नवं काही शिकता येत नाही’ ही समजूत. रांगेत पुढे कुणी वृद्ध दिसला की मनात उठणारा वैताग ही भावना. त्याच्याशी न बोलता सोबतच्या माणसाशी बोलणं ही वागणूक. पहिले दोन पदर डोक्यात असतात, बाहेर दिसतो फक्त तिसरा. त्याच अहवालात असंही म्हटलं आहे की हा भेद माणूस स्वतःशीही करतो. ‘आता या वयात कुठे शिकत बसू’ म्हणत आपणच यादीतून आपलं नाव खोडतो, तोही वयभेदच.

आणि हो, हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही. युरोपातल्या पाहण्यांत वयावरून अन्याय झाल्याचं तरुणांनी इतर वयोगटांपेक्षा जास्त सांगितलं आहे. याचं नवल वाटत असेल तर आपली भाषाच चाळून पाहा. एका बाजूला ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’, ‘पिकलं पान’. दुसऱ्या बाजूला ‘लहान तोंडी मोठा घास’, ‘कालचं पोर’ आणि ‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’. म्हणजे मधली थोडी वर्षं सोडली तर म्हणींच्या तडाख्यातून कुणी सुटत नाही. ती मधली वर्षंही नोकरी शोधणाऱ्याला विचारा. अमेरिकेत नोकरीतल्या वयभेदाविरुद्ध १९६७ साली कायदा झाला, तो वयाच्या चाळिसाव्या वर्षापासूनच संरक्षण देतो. चाळिशी म्हणजे कुणाच्याही हिशेबात म्हातारपण नव्हे.

## ‘हा राईचा पर्वत नाही का?’

पहिली शंका हीच येते, आणि ती रास्त आहे. कुणी मोठ्याने बोललं, कुणी न विचारता हात धरला, कुणी वाढदिवसाच्या कार्डावर म्हातारपणाचा विनोद छापला. याचं संशोधन करायचं?

राई किती पसरली आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने आधार घेतलेल्या पाहणीत ५७ देशांतले ८३ हजारांहून अधिक लोक होते. त्यावरून निघालेला अंदाज असा की जगात दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी वयभेदी ग्रह आहेत. ही झाली भेद करणाऱ्यांची बाजू. भोगणाऱ्यांची बाजू अमेरिकेतल्या एका अभ्यासात आली, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास ते ऐंशी वयाच्या २,०३५ जणांना दहा साधे प्रश्न विचारले होते. म्हातारपणाची टिंगल करणारे विनोद ऐकता का? तुम्हाला जे सहज जमतं त्यातही लोक मदतीचा हट्ट धरतात का? वय झालं की एकटेपणा येतोच असं तुम्हाला वाटतं का? यातला एक तरी प्रकार नेहमी अनुभवाला येतो असं ९३ टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं. सगळ्यांत जास्त आढळला तो शेवटच्या प्रश्नातला प्रकार, म्हणजे स्वतःच्या मनात मुरलेला.

याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांच्या वाट्याला असे अनुभव जास्त, त्यांची तब्येतही जास्त खालावलेली. पण इथे घाई नको. तब्येत खालावलेल्या माणसाला लोक जास्त ‘म्हातारा’ म्हणून वागवत असतील, असंही असू शकतं. एकाच वेळी काढलेल्या फोटोवरून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं मागोवा घ्यावा लागतो. तसा मागोवा घेतलेला एक अभ्यास बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडला. ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातले पन्नाशीपुढचे ६६० लोक. त्यांना स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल काय वाटतं हे बऱ्याच वर्षांपूर्वी विचारून ठेवलेलं होतं. ज्यांचं मत चांगलं होतं ते इतरांपेक्षा साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. सुरुवातीची तब्येत, आर्थिक स्थिती, एकटेपणा यांचा हिशेब लावूनही फरक उरला. नुसत्या चांगल्या विचारांनी आयुष्य वाढतं असं यातून कुणी काढू नये. पण मनात मुरलेली समजूत शरीरापर्यंत पोचते, या शंकेला मात्र वजन येतं.

बोलण्याच्या ढंगाचंही असंच आहे. वृद्धांशी लहान बाळाशी बोलावं तसं चढ्या, लाडिक सुरात बोलायचं: “चला, आता आपण गोळी घेऊया हं!” स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या शुश्रूषागृहात अभ्यासकांनी असे प्रसंग चित्रित करून तपासले. या सुरात बोललं की रुग्ण मदतीला विरोध करण्याची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं. ज्यांची स्मरणशक्ती गेली आहे असं आपण धरून चालतो, त्यांनाही आपला सूर कळत होता.

## मोठ्या अभ्यासांनी काम भागत नाही का?

काही ठिकाणी उत्तम भागतं. नोकरीचं उदाहरण घ्या. अमेरिकेत तीन अर्थतज्ज्ञांनी ४० हजारांहून अधिक काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. अर्ज जवळपास सारखे, फरक मुख्यतः वयाचा: तिशीच्या आसपासचे, पन्नाशीचे आणि ६४ ते ६६ वयाचे. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयस्कर बायकांना बोलावणं येण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. पुरुषांच्या बाबतीत पुरावा तितका ठाम नव्हता. वय बदललं, बाकी सगळं तेच ठेवलं आणि उत्तर बदललं, याहून स्वच्छ पुरावा मिळणं कठीण.

हा प्रयोग सामान्य माणसानेही केला आहे. ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या एका कंपनीने नाकारलेल्या अर्जदाराने तोच अर्ज पुन्हा पाठवला, फक्त जन्मतारीख अलीकडची टाकली. या वेळी मुलाखतीचं बोलावणं आलं. अमेरिकेच्या समान रोजगार आयोगाने चौकशी केली. पंचावन्न किंवा जास्त वयाच्या बायकांचे आणि साठ किंवा जास्त वयाच्या पुरुषांचे अर्ज सॉफ्टवेअर आपोआप बाद करत होतं, असा आयोगाचा आरोप होता. दोनशेहून अधिक अर्जदार त्यात अडकले होते. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण २०२३ मध्ये ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मोठमोठ्या ताळेबंदांत जे दिसलं नसतं, ते एका चिकाटीच्या माणसाने दोन अर्जांत उघडं पाडलं.

पण दवाखान्यातल्या खुर्चीत असा प्रयोग कसा करणार? तीच बाई, तेच दुखणं, आणि एकदा वय तीस, एकदा पंच्याहत्तर, असं होत नाही. तिथे एकेका प्रसंगावरून काहीच सिद्ध होत नाही. डॉक्टर घाईत असतील, आई गप्प बसली असेल, मीच पुढे पुढे केलं असेल.

फाशाचं पाहा. एखादा फासा एका बाजूने जड केलेला आहे का, हे एकदा टाकून कळत नाही. सहा पडले तर पडले, सरळ फाशावरही पडतातच. शेकडो वेळा टाकला आणि सहाच जास्त येत राहिले, तर मात्र संशय पक्का होतो. रोजच्या वयभेदाची अडचण ही की प्रत्येकाच्या हातात मोजकीच दानं असतात. मग जो तो ‘असेल काही’ म्हणून सोडून देतो. हजार लोकांची दानं एका कागदावर आली तरच फासा कळेल.

पाहणीत थेट विचारून का चालत नाही? कारण आठवण दगा देते. ‘गेल्या वर्षभरात असं किती वेळा झालं?’ या प्रश्नाचं उत्तर कुणीही मोजून देत नाही. एखादा झोंबलेला प्रसंग आठवतो, छोटे पन्नास गळून जातात. त्यातून काहींना त्याची इतकी सवय झालेली असते की घडलं हेच लक्षात येत नाही.

## नोंदवही ही तक्रारवही नव्हे

म्हणून उपाय असा की प्रसंग घडला की त्याच दिवशी लिहायचा. सामान्य माणसांकडून अशी रोजनिशी लिहून घेणं नवं नाही. १९३७ साली ब्रिटनमध्ये ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. स्वयंसेवकांनी दर महिन्याच्या १२ तारखेला दिवसभरात जे जे घडलं ते लिहून पाठवायचं. त्या वर्षी १२ मेला राजाचा राज्याभिषेक होता. सरकारी वृत्तांत मिरवणुकीचा. या वह्यांमध्ये मात्र लोकांनी त्या दिवशी प्रत्यक्षात काय केलं, काय ऐकलं, काय पुटपुटलं ते सापडतं.

वयभेदाच्या नोंदीत काय लिहावं? इथे बहुतेकांचा पाय घसरतो. ‘काउंटरवरच्या मुलाने माझा अपमान केला’ ही नोंद नव्हे, हा निकाल आहे. नोंद अशी: ‘सकाळची वेळ, मागे चार जण. मी फॉर्मबद्दल विचारलं. मुलगा म्हणाला, “आजोबा, घरात कुणी तरुण असेल तर त्याला पाठवा.” फॉर्म दाखवला नाही.’ काय झालं, कोणते शब्द, कोण हजर होतं, पुढे काय झालं. वाईट वाटलं का ते वेगळ्या ओळीत. हा वयाचाच मामला होता याची स्वतःला किती खात्री वाटते, तेही वेगळ्या ओळीत. निकाल लावायचं काम नंतरचं.

तेही एकट्याने करत नाहीत. गोळा झालेल्या नोंदी दोन माणसं वेगवेगळं बसून वाचतात आणि प्रत्येक प्रसंगाला प्रकार लावतात: वगळणं, न मागितलेली मदत, टिंगल, संधी नाकारणं. मग दोघांच्या याद्या ताडून पाहतात. फार ठिकाणी जुळत नसेल तर प्रकारांची व्याख्याच ढिसाळ आहे असं समजायचं. या दोघांत एक जण नोंदी ठेवणाऱ्यांपैकी असला तर मजा येते. कुणी अनोळखी ‘आजी’ म्हणाला, तर हा जिव्हाळा की शिक्का? पंचविशीचा अभ्यासक एक उत्तर देईल, सत्तरीची बाई दुसरं. आणि दुसरी सत्तरीची बाई तिसरंच.

## ‘कुरकुरणारेच तेवढे लिहितील’

हा सगळ्यांत दणकट आक्षेप. मला विचाराल तर या पद्धतीचं भवितव्य याच्या उत्तरावर ठरतं.

१९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. एवढा ढीग कुणाकडेच नव्हता. त्यावरून त्यांनी सांगितलं, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी लोकांचे. शिवाय रूझवेल्टवर चिडलेल्यांनी मतपत्रिका जास्त उत्साहाने परत पाठवल्या. ढीग मोठा असला म्हणून खरा ठरत नाही.

वयभेदाच्या नोंदींतही हेच होणार. ज्याला झोंबलं तो लिहील, बाकीचे लिहिणार नाहीत. फाशाच्या भाषेत, सहा पडले तेव्हाच लोक कळवतील आणि एक ते पाच पडले की गप्प बसतील. मग हजारो नोंदी येऊनही फासा जड आहे का ते कळणार नाही, कारण एकूण किती वेळा टाकला हेच माहीत नाही.

यावरचा तोडगा पक्षी मोजणाऱ्यांकडे आहे. १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने २७ हौशी पक्षिनिरीक्षकांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. पक्षी मारण्याच्या नाताळातल्या चढाओढीला पर्याय म्हणून सुरू झालेली ही गणना आजही चालू आहे. तिच्यात किती पक्षी दिसले याबरोबर किती तास भटकलो हेही लिहितात. दोन तासांत दहा घुबडं आणि वीस तासांत दहा घुबडं या सारख्या बातम्या नव्हेत. २००२ साली सुरू झालेल्या ‘ई-बर्ड’ या नोंदणीत आणखी एक प्रश्न असतो: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? याला ‘हो’ म्हटलं की यादीत नसलेला पक्षी ‘दिसला नाही’ असं धरता येतं. एका साध्या ‘हो’मुळे न दिसण्याचीही माहिती होते.

वयभेदाच्या वहीतही हेच हवं. ठरलेले चौदा दिवस रोज लिहायचं, काही घडलं नाही तरी ‘आज काही नाही’ असं लिहायचं. आज बाहेरच्या किती माणसांशी संबंध आला, तेही. मग ‘इतक्या भेटींमागे इतके प्रसंग’ असा हिशेब मांडता येतो. आणि ज्यांच्या वहीत चौदाही दिवस ‘काही नाही’ आहे, त्यांच्या वह्या फेकायच्या नाहीत. त्याच सगळ्यांत मोलाच्या.

तरीही एक भोक राहतं. वही कोणाच्या हातात गेली? बॉस्टन शहरात ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं एक ॲप काढलं होतं. गाडीत फोन ठेवायचा, गचका बसला की खड्ड्याची जागा आपोआप नोंदली जायची. कल्पना झकास, पण टीकाकारांनी दाखवून दिलं की ज्या वस्त्यांत स्मार्टफोन कमी, तिथले खड्डे नकाशावर येणारच नाहीत. वृद्धांकडे तेव्हा स्मार्टफोन आणखीच कमी होते. वयभेदाचा अभ्यास फक्त ॲपवर केला तर ज्यांच्यासाठी तो केला तेच बाहेर राहतील. म्हणून फोनवरून तोंडी सांगण्याची सोय, कागदी वही, घरी जाऊन लिहून घेणारा माणूस, हे सगळं लागतं. खर्चिक आहे, पण पर्याय नाही.

एवढं करूनही स्वेच्छेने आलेल्या लोकांच्या नोंदींवरून ‘लोकसंख्येच्या इतक्या टक्क्यांना वयभेद सोसावा लागतो’ असं म्हणता येत नाही. असं कुणी म्हणालं तर खुशाल अविश्वास दाखवा. टक्केवारीसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांची पाहणीच हवी. नोंदवह्यांतून मिळतो तो नकाशा: हे कुठे घडतं, कोणत्या शब्दांत घडतं, कोण सोबत असताना घडतं. आणि पाहणीत मुळात काय विचारायचं हे त्या नकाशावरून कळतं.

## ‘पण वयानं क्षमता कमी होतेच की’

होते. सरासरीने प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, दृष्टी-श्रवण उणावतं. शब्दसंग्रहासारख्या काही गोष्टी मात्र बराच काळ टिकतात. हे नाकारणारा माणूस वयभेदाचा विरोधक नव्हे, भाबडा.

मुद्दा सरासरीचा आहे. वय वाढेल तशी माणसामाणसांतली तफावतही वाढत जाते. सत्तरीतला एक जण डोंगर चढतो, दुसऱ्याला जिना चढवत नाही. सगळ्यांच्या पावलांची सरासरी काढून एकाच मापाच्या चपला शिवल्या तर त्या जवळपास कुणालाच होणार नाहीत. काम करता येतं का हे पाहायचं असेल तर काम देऊन पाहावं. जन्मतारीख हा आळशी माणसाचा शॉर्टकट.

प्रसंग तपासायला एक सोपी युक्ती आहे: वय बदलून पाहा. ‘तुमच्या वयात हे शिकून काय करणार?’ हे वाक्य तिशीच्या माणसाला म्हटलं असतं का? ‘इथे पायरी आहे, सांभाळा’ हे कुणालाही म्हटलं असतं. दुसरं सोडून द्या, पहिलं लिहा. सवलतींचंही असंच. वयाप्रमाणे तिकीट स्वस्त मिळणं हाही वयावरून फरकच, पण त्याने माणूस गाडीत चढतो, गाडीबाहेर राहत नाही. काही सवलती जुन्या समजुतींवर उभ्या आहेत हे खरं, पण तो स्वतंत्र विषय आहे.

## वही दुसऱ्याच्या हाती पडली तर?

प्रसंग लिहिताना दोन माणसांची माहिती कागदावर येते: लिहिणाऱ्याची आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याची. दुसऱ्याने कुठे संमती दिली आहे? म्हणून नावं नकोत, दुकानाची-कचेरीची ओळख नको, चोरून रेकॉर्डिंग तर नकोच. हे सोपं झालं.

अवघड आहे ते घरातलं. ज्या बाईला फॉर्म वाचून दाखवायला मुलगा लागतो, ती मुलाबद्दल काय लिहिणार? घरातल्या माणसांवर अवलंबून असलेल्यांच्या वह्या अनेकदा त्याच माणसांच्या हातून भरल्या जातात, आणि मग त्या घरात सगळं छान असतं. चांगल्या अभ्यासात अशा व्यक्तीशी एकटीने बोलण्याची वेळ ठरवलेली असते, आणि छळाची शंका आली तर पुढे कुणाला सांगायचं हेही आधीच ठरलेलं असतं. ज्या उपक्रमात ही तयारी नाही, त्यात आपल्या माणसाला सहभागी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

## डोळ्यातलं मुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या संशोधनाच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ आहे. जगभर अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या आणि आरोग्य पाहण्यांत बायकांच्या मुलाखती मुख्यतः १५ ते ४९ या वयोगटाच्या घेतल्या जातात. घरातल्या हिंसेची बरीचशी आकडेवारी तिथूनच येते. म्हणजे पन्नाशी उलटलेली बाई त्या आकड्यांत नसते. कित्येक तक्त्यांत शेवटचा रकाना ‘६५ आणि पुढे’ असतो. पासष्टीचा माणूस आणि पंच्याण्णव वर्षांची त्याची आई एकाच रकान्यात! औषधोपचारांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालासाठी तपासलेल्या १४९ अभ्यासांपैकी ८५ टक्के अभ्यासांत असं दिसलं की कोणाला कोणते उपचार मिळणार हे वयावरून ठरत होतं.

म्हणूनच लोकांना फक्त नोंदी पुरवणारे म्हणून न घेता प्रश्न ठरवणाऱ्यांत बसवायचं. ‘तुमचा अपमान झाला का?’ असं अभ्यासक विचारतो तेव्हा ‘नाही’ असं उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. अपमान कुठे होतो? उलट सगळे फार काळजी घेतात. हातातली पिशवी काढून घेतात, वाक्य पूर्ण करून देतात, निर्णयही घेऊन टाकतात. हे सांगायला त्या वयाचं माणूसच लागतं.

## आईची वही

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईला एक वही दिली. रकाने मी आखले होते: तारीख, ठिकाण, काय घडलं, किती वाईट वाटलं ते एक ते पाचमध्ये. कुठल्या अभ्यासासाठी नाही, माझ्याच कुतूहलापोटी. एका माणसाच्या चौदा पानांतून काही सिद्ध होत नाही, हे वर लिहिलंच आहे.

पहिले चार दिवस ‘काही नाही’. पाचव्या दिवशी तिने स्वतःविरुद्धच नोंद केली होती. शेजारची मुलगी काहीतरी सुचवत होती, तिला आई म्हणाली होती, “तुला काय कळतंय त्यातलं.” पुढे कंसात: ‘तिला कळत होतं.’

आठव्या दिवसापासून एक ते पाचचा रकाना कोरा. विचारलं तर म्हणाली, “वाईट वाटण्याला काय आकडे असतात?” त्याच्यावर काट मारून तिने वर नवं शीर्षक लिहिलं होतं: ‘सोबत कोण होतं’. त्याखाली मागच्या दिवसांचीही भर घातली होती. एकटी बँकेत: तिच्याशीच बोलले. एकटी औषधांच्या दुकानात: तिच्याशीच. माझ्यासोबत दोनदा बाहेर: दोन्ही वेळा माझ्याशी. माझ्या धाकट्या बहिणीसोबत: बहिणीशी.

पुढच्या तपासणीला मी बाहेरच्या बाकावर बसलो. पंचवीस मिनिटं लागली.